मूस जॉबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही मूस जॉला राहायला आलो तेव्हापासून नातेवाईक, कॉलेजचे मित्र, टोरांटो-कॅल्गरीकडची ओळखीची मंडळी आणि कॅनडात यायचा विचार करणारी मुलं, सगळे साधारण तेच तेच विचारतात, आणि मी फोनवर अर्धंच सांगते आणि मग राहून गेलेलं आठवत बसते. म्हणून एकदाचं सगळं नीट लिहून ठेवतेय. मी काही इतिहासाची अभ्यासक नाही, पण या गावावर माझा जीव जडलाय आणि मिळेल ते वाचत आलेय.

मूस जॉ नक्की कुठे आहे?

कॅनडाच्या मधल्या भागात जो सपाट गवताळ प्रदेश आहे त्याला प्रेअरी म्हणतात, त्यातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या दक्षिणेला. प्रांताची राजधानी रिजायनापासून पश्चिमेला साधारण ७० किलोमीटर, ट्रान्स-कॅनडा हायवेवरच. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ३३,६६५. एवढ्याला इकडे सिटी म्हणतात, आपल्याकडे हे तालुक्याचं गाव झालं असतं. सपाट म्हणजे किती सपाट, तर पुढच्या गावचं धान्याचं उंच कोठार दिसायला लागलं की वाटतं आलंच, आणि मग पंधरा मिनिटं गाडी चालवली तरी ते तिथेच.

हे असलं कसलं नाव?

मूस म्हणजे इकडचं सगळ्यात मोठं हरीण, घोड्यापेक्षा उंच, आणि जॉ म्हणजे जबडा. नावाच्या दोन-तीन गोष्टी सांगतात. एक म्हणजे इथली नदी मूसच्या जबड्यासारखी वळते म्हणून. दुसरी म्हणजे इथल्या मूळ रहिवासी क्री लोकांच्या भाषेतल्या उबदार वाऱ्याच्या शब्दाला ऐकायला तसं वाटलं म्हणून. मला दुसरी पटते, कारण जानेवारीत वरच्या रस्त्यावरून नदीच्या दरीत उतरलं की वारा एकदम पडतो, कान दुखायचे थांबतात, आणि हिवाळ्याला लोक इथेच मुक्काम का करायचे ते आपोआप कळतं.

रेल्वेच्या आधी इथे कोण होतं?

क्री आणि नकोडा हे मूळ रहिवासी, आणि मेटी, म्हणजे मूळ रहिवासी आणि युरोपीय यांच्या मिश्र वंशाचे लोक. पिढ्यान्पिढ्या. बायसनच्या, म्हणजे इकडच्या गव्यासारख्या रानटी जनावरांच्या कळपांमागे फिरायचे आणि थंडीत या वळणावर, झाडांच्या आडोशाला थांबायचे. १८७४ मध्ये फोर्ट कॅपेल इथे सरकार आणि मूळ रहिवाशांमध्ये जमिनीचा चौथा करार झाला, त्या कराराच्या जमिनीवर आजचं शहर उभं आहे, आणि गावातले कार्यक्रम सुरू होताना हे आधी बोलून दाखवतात.

त्यानंतरचं सांगताना मला नेहमी त्रास होतो. शिकारीने काही वर्षांतच बायसन संपले. माळावर हाडंच हाडं पडली होती आणि रेल्वे आल्यावर लोक ती गोळा करून मालगाडीचे डबे भरभरून विकायचे, खतासाठी आणि साखर शुद्ध करायला लागणाऱ्या कोळशासाठी. ज्या प्राण्यावर माणसं जगत होती त्याच्या हाडांचा हा गावातला सुरुवातीचा धंदा.

अमेरिकेतले मूळ रहिवासी लकोटा लोकही इथे होते. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला अमेरिकन सैन्याशी झालेल्या लढाईनंतर त्यांचा नेता सिटिंग बुल आपल्या माणसांना घेऊन सीमा ओलांडून वुड माउंटनच्या भागात आला, कॅनडाने त्यांना अन्न आणि जमीन दिली नाही, आणि १८८१ मध्ये उपासमारीने तो परत गेला. पण सगळे गेले नाहीत. काही कुटुंबं मूस जॉच्या नदीकाठी तंबू टाकून वर्षानुवर्षं राहिली, गावात कामं करायची, लाकडं विकायची. आज त्या काठावर वाकामाऊ व्हॅली नावाचं मोठं हिरवं उद्यान आहे, लोक सायकली चालवतात. मी तिकडे गेले की हे तंबू डोक्यात येतातच.

मग शहर कसं झालं?

पाण्यामुळे आणि रेल्वेमुळे. वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं, आणि इथे मूस जॉ नदी आणि थंडर क्रीक ओढा एकत्र येतात. १८८२ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ इथपर्यंत आले आणि कंपनीने हे विभागाचं ठाणं केलं, म्हणजे इंजिन इथे तपासायचं, स्टाफ इथे बदलायचा. १८८४ ला टाउनचा दर्जा मिळाला, १९०३ ला सिटीचा, प्रांत म्हणून सस्कॅचेवान झालं ते त्याच्याही नंतर, १९०५ ला.

माझं माहेर भुसावळचं, आजोबा रेल्वेत. रनिंग रूम, यार्ड, शिट्टीवरून वेळ सांगणारी म्हातारी माणसं, हे सगळं मी लहानपणी बघितलंय, त्यामुळे इथल्या जुन्या फोटोंमधलं गाव मला ओळखीचंच वाटलं. ज्या गावात गाडीचा स्टाफ बदलतो तिथे खानावळी येतात, लॉज येतात, दारू येते, सगळ्या जातीधर्माची माणसं येतात. १८९३ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस-सेंट पॉलकडून येणारी सू लाइन इथे जोडली गेली आणि मग तर गर्दीच. १९०१ ला दीड हजार वस्ती होती, १९११ ला जवळपास १४ हजार. गहू, जनावरांचे बाजार, पिठाच्या गिरण्या. कॅनडातल्या दुकानांत रॉबिन हूड नावाचं पीठ मिळतं ना, तो ब्रँड १९०९ मध्ये इथल्याच गिरणीतून सुरू झाला. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ती पिशवी हातात घेऊन उगाच वाचत उभी राहिले होते, इतकी वर्षं त्यातच पोळ्या करत होते.

आता रेल्वेने येता येतं का?

नाही. जानेवारी १९९० नंतर प्रवासी गाडी बंद. मालगाड्या मात्र दिवसरात्र जातात, शंभराच्या वर डबे मोजलेत माझ्या मुलाने. मेन स्ट्रीटच्या टोकाला १९२० च्या सुमाराचं सुंदर स्टेशन अजून उभं आहे, त्यात नंतर दारूचं दुकान आलं. इमारत पाडली नाही, जपली, हेच खूप झालं.

ती भुयारं खरी आहेत का? अल कपोन खरंच आला होता का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर. अल कपोन म्हणजे दारूबंदीच्या काळातला शिकागोचा कुप्रसिद्ध गुंड.

२००० सालापासून गावात भुयारांची टूर चालते, नटमंडळी वेष करून तुम्हाला तळघरांतून फिरवतात, एक टूर शिकागोच्या दारूच्या तस्करीची आणि एक चिनी मजुरांची. दरवर्षी हजारो पर्यटक येतात आणि त्यावर गावाची हॉटेलं चालतात, हे मान्य. जुन्या इमारतींना तळघरं आहेत, काही एकमेकांना जोडलेली पण आहेत. रिव्हर स्ट्रीटवर दारू, जुगार, वेश्याव्यवसाय उघड चालायचा आणि पोलीस डोळेझाक करायचे हेही खरं, आणि १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी असताना सू लाइनवरून तिकडे माल जाणं कठीण नव्हतं. पण अल कपोन स्वतः इथे आल्याचा एकही कागद नाही. ज्याचे आजोबा त्याला भेटले होते अशी माणसं भेटतात, कागद भेटत नाही. आणि चिनी लोक त्या भुयारांत लपून राहायचे यालाही इतिहासकारांना पुरावा मिळालेला नाही.

मला वाईट याचं वाटतं की खाली काय होतं हे शोधताना वर काय झालं ते कोणी विचारतच नाही, आणि वर झालेलं सगळं नोंदलेलं आहे. चिनी माणसाला कॅनडात यायचं तर डोईपट्टी भरावी लागायची, १८८५ ला ५० डॉलर, १९०३ पासून ५०० डॉलर, म्हणजे मजुराची दोन वर्षांची कमाई. १९२३ मध्ये तर दारच बंद केलं ते १९४७ पर्यंत. बायको-मुलं तिकडे, नवरा इकडे लाँड्रीत किंवा खानावळीत, आणि भेट नाही. सरकारने माफी मागितली ती २००६ मध्ये.

आणि क्वाँग विंग. हे नाव मूस जॉला येणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं असं मला मनापासून वाटतं. त्याची इथे खानावळ होती आणि तो रीतसर नागरिकत्व घेतलेला ब्रिटिश प्रजाजन होता. १९१२ मध्ये सस्कॅचेवानने कायदा केला की चिनी, जपानी किंवा इतर पौर्वात्य मालकाने गोऱ्या बाईला कामावर ठेवायचं नाही. क्वाँग विंगकडे दोन गोऱ्या वेट्रेस होत्या. त्याला दोषी ठरवलं, तो गप्प बसला नाही, खटला कॅनडाच्या सुप्रीम कोर्टापर्यंत नेला, आणि १९१४ मध्ये तिथेही हरला. न्यायमूर्ती आयडिंग्टन यांनी एकट्याने विरोधी निकाल दिला, की नागरिक केलंय तर नागरिकाचे हक्क द्या. 'इतर पौर्वात्य' हे शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा तिथेच थांबले. आज मेन स्ट्रीटवर आपल्याकडची माणसं दुकानं चालवतात, हॉटेलं चालवतात. शंभर वर्षांत इतका फरक पडला तो आपोआप पडलेला नाही, हरणाऱ्या माणसांनी खटले लढले म्हणून पडलाय.

टूरला जा, मुलांना मजा येते. फक्त वर आल्यावर मेन स्ट्रीटवरून एक चक्कर मारा आणि हे आठवा.

म्हणजे गावात वर्णद्वेष होता का?

होता. ७ जून १९२७ ला इथे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेची जाहीर सभा झाली, हजारो लोक आले, क्रॉस जाळला. तेव्हा राग मुख्यतः कॅथलिक, फ्रेंच बोलणारे आणि पूर्व युरोपातून आलेल्यांवर होता. आज त्याच युक्रेनियन लोकांचे पियेरोगी प्रत्येक सामाजिक जेवणात असतात, उकडलेल्या करंजीसारखा प्रकार, आत बटाटा आणि चीज, वरून परतलेला कांदा. माझ्या अनुभवाचं विचाराल तर मला इथे चांगलीच माणसं जास्त भेटली.

दुष्काळाचं काय ऐकलंय?

१९३० चं दशक. पाऊस नाही, गव्हाला भाव नाही, आणि नांगरलेली माती वाऱ्याने उडून भर दुपारी अंधार व्हायचा, जेवणाची ताटं पालथी घालून ठेवायचे म्हणतात. दक्षिण सस्कॅचेवानला याचा सगळ्यात जास्त फटका बसला. १९३५ च्या जूनमध्ये बेकार तरुण मालगाड्यांच्या टपांवर बसून देशाच्या राजधानीत, ओटावाला, जाब विचारायला निघाले होते, ते मूस जॉला थांबले आणि पुढे रिजायनात १ जुलैला पोलिसांशी दंगल होऊन तो मोर्चा मोडला.

याच काळातली टॉम सुकानेनची गोष्ट. फिनलंडहून आलेला शेतकरी, लोखंडकामात हात एकदम तयार. अमेरिकेत सुटलेल्या बायको-मुलांना आणायला परत गेला तर बायको वारलेली, मुलं इकडेतिकडे दिलेली. मग दुष्काळात त्याने शेतातच जहाज बांधायला घेतलं, समुद्रापासून हजारो किलोमीटरवर, की सस्कॅचेवान नदीतून हडसन बेला जायचं आणि तिथून घरी. नाव ठेवलं सोंतियाइनेन, फिनिशमध्ये शेणकिडा. लोक वेडा म्हणायचे. जहाजाचे भाग तो घोड्याने, नंतर स्वतःच्या हाताने नदीकडे ओढत राहिला, शेवटी त्याला मनोरुग्णालयात ठेवलं आणि १९४३ मध्ये तिथेच गेला. जहाज मात्र नंतर लोकांनी वाचवलं आणि मूस जॉच्या दक्षिणेला १३ किलोमीटरवरच्या म्युझियममध्ये उभं केलं, त्यालाही तिथेच शेजारी पुरलंय. तुम्ही गेलात तर त्या पत्र्यांच्या कडा जवळून बघा, प्रत्येक पत्रा हाताने ठोकून वाकवलेला आहे, ठोके दिसतात. मी तिथे बराच वेळ उभी होते. घरापासून लांब आलेल्या कोणालाही तो वेडा वाटणार नाही.

हायवेवर तो प्रचंड मूस कसला?

मॅक द मूस! १९८४ मध्ये डॉन फाउल्ड्स या शिल्पकाराने बनवला, आत लोखंडी सांगाडा आणि बाहेरून सिमेंट, उंची ९.८ मीटर. जगात सगळ्यात उंच मूस म्हणून गावाला फार अभिमान. मग २०१५ मध्ये नॉर्वेच्या स्टोर-एल्वदालमध्ये चकचकीत स्टीलचा मूस उभा केला, मुद्दाम ३० सेंटिमीटर जास्त उंच. हे २०१९ च्या जानेवारीत जगभर गाजलं, दोन्ही नगराध्यक्ष टीव्हीवर, वर्गणी निघाली, आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मॅकला मोठी शिंगं बसवून तो १०.३६ मीटर झाला. मधल्या काळात नॉर्वेच्या उपनगराध्यक्षा इथे येऊन तहावर सही करून गेल्या. आमच्या बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्या आजीसुद्धा शिंगं बसवताना थंडीत बघायला उभ्या होत्या.

डोक्यावरून सारखी विमानं का जातात?

गावाच्या दक्षिणेला हवाई दलाचा तळ आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे वैमानिकांचं ट्रेनिंग व्हायचं आणि अजूनही होतं, इतर देशांचेही पायलट येतात. स्नोबर्ड्स, म्हणजे नऊ लाल-पांढऱ्या विमानांची कसरतींची टीम, १९७१ पासून इथलीच. वसंतात सराव सुरू झाला की आवाज येतो आणि सगळी शाळा वर बघते. आवाजाची तक्रार मी तरी कोणाकडून ऐकली नाही.

जुनी माणसं ८ एप्रिल १९५४ सांगतात. ट्रेनिंगचं हार्वर्ड विमान आणि प्रवासी विमान गावाच्या वरच एकमेकांवर आदळली, ३७ जण गेले, त्यात घरात असलेली एक बाई. शाळा भरलेली होती आणि ती थोडक्यात वाचली.

थंडी सहन होते का?

होते, पण शिकावी लागते. उणे ३० हे इथे दरवर्षीचं. पहिल्या हिवाळ्यात गाडीच्या पुढच्या जाळीतून बाहेर लोंबणारी प्लग लावलेली छोटी वायर बघून मला वाटलं काहीतरी निसटलंय, मी ती नीट गुंडाळून आत खोचून ठेवली. तो ब्लॉक हीटर होता, रात्री प्लगमध्ये लावायचा म्हणजे इंजिन गोठत नाही. सकाळी गाडी मेलेली, मुलाची शाळा, मी रडकुंडीला. शेजारचे आजोबा न बोलावता केबल घेऊन आले, गाडी सुरू करून दिली, वायर परत बाहेर काढून हातात ठेवली, आणि तेव्हापासून उणे २० खाली जाणार असेल तर संध्याकाळी माझी वायर लावलीय का ते बघून जातात. दोन वर्षं झाली.

थंडीवर उपाय म्हणून मिनरल स्पा आहे. १९१० च्या सुमाराला इथे गॅस-तेलासाठी खोल बोअर घेतली तर गरम खारं पाणी लागलं, १९३२ मध्ये क्रेसेंट पार्कात त्याचा सार्वजनिक तलाव केला, आणि १९९६ पासून टेंपल गार्डन्समध्ये १,३५० मीटर खालून आणलेलं पाणी असतं. आतून पोहत पोहत बाहेर उघड्यावर जाता येतं. अंग गरम पाण्यात, आणि केसांवर बर्फ.

लोक करतात काय तिथे? कंटाळा येत नाही?

हॉकी, बर्फावरची. मूस जॉ वॉरियर्स ही ज्युनियर टीम १९८४ ला विनिपेगहून इथे आली आणि २०२४ मध्ये पहिल्यांदा लीग जिंकली, चाळीस वर्षांनी. त्या रात्री मेन स्ट्रीटवर हॉर्न थांबतच नव्हते. जुन्या स्टेडियमचं छप्पर मध्ये खोलगट होतं म्हणून त्याला क्रश्ड कॅन म्हणायचे, चेपलेला डबा, ते २०११ ला बंद झालं, अजूनही लोक प्रेमाने आठवण काढतात.

बाकी जुलै म्हणजे चंगळ. लेखकांचा फेस्टिव्हल ऑफ वर्ड्स १९९७ पासून, मेन स्ट्रीटवर साइडवॉक डेज, आणि मोटिफ, ज्यात वेगवेगळ्या देशांतून आलेले लोक क्रेसेंट पार्कात आपापलं खाणं आणि नाच घेऊन येतात. गावभर भिंतींवर मोठी चित्रं आहेत, चाळीसच्या वर, बहुतेक जुन्या मूस जॉची. एक गोष्ट गेली त्याचं दुःख आहे, टाइम्स-हेराल्ड हा दैनिक पेपर डिसेंबर २०१७ मध्ये बंद पडला, १८८९ पासूनचा. कोण गेलं, कोणाला नातू झाला हे आता पूर्वीसारखं एका ठिकाणी कळत नाही.

भारताशी काही संबंध आहे का?

तुमच्या डब्यातली मसूर बघा. भारत बरीच मसूर कॅनडाकडून घेतो आणि तिथली बहुतेक सस्कॅचेवानमध्येच पिकते. सत्तरच्या दशकापर्यंत इथे मसूर जवळजवळ माहीतच नव्हती, सस्कॅचेवान विद्यापीठाने १९७८ मध्ये लेअर्ड नावाचं वाण काढलं आणि चित्र पालटलं. मूस जॉमध्ये ती साफ करून भरणारे कारखाने आहेत. २०१७ च्या शेवटी भारताने वाटाण्यावर ५० टक्के आणि मसूर-हरभऱ्यावर ३० टक्के आयात शुल्क लावलं तेव्हा इथले शेतकरी त्याबद्दलच बोलत होते. आपल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून तिकडे निर्णय होतो आणि इकडचा शेतकरी पुढच्या वर्षी काय पेरायचं याच्या विचारात पडतो. दोन्ही बाजूंचं मला समजतं आणि कोणाला चूक म्हणवत नाही. शिवाय पोटॅश, म्हणजे खतासाठी लागणारं खनिज, बेल प्लेनला गावापासून जवळच खाण आहे, भारत कॅनडाचं पोटॅशही घेतो, आपल्याकडे ऊस-द्राक्षांना ते लागतंच.

मराठी लोक आहेत का? सामान मिळतं का?

मोजकी घरं. गणपती घरीच बसवतो, मोदकांना तांदळाची पिठी मिळते, ओला नारळ फ्रोझन. पंजाबी आणि फिलिपिनो लोक बरेच आहेत, त्यांची दुकानं आहेत. काही मोठं हवं असेल तर रिजायना. मागच्या वर्षी आरतीला ते शेजारचे आजोबा आले, टाळ हातात दिली तर ठेका बरोबर धरला.

बघायला यायचं तर कधी आणि किती दिवस?

जुलै, दोन दिवस. पहिल्या दिवशी भुयारं, मेन स्ट्रीट, भिंतीवरची चित्रं, संध्याकाळी स्पा. दुसऱ्या दिवशी सकाळी वाकामाऊ व्हॅलीत चाला, मग सुकानेनचं जहाज, जाताना मॅकबरोबर फोटो. नदीकाठी डास फार, पूर्ण बाह्यांचे कपडे आणा. आणि येण्याआधी फोन करा, मसुराची आमटी करून ठेवीन.